नाव काढणारी माणसं

अक्षरांविषयी रेडिओवर बोलणं म्हणजे जरा अवघडच काम. आवाज ऐकू येतो, अक्षर दिसावं लागतं. आणि मला तर आज अक्षरांच्या दिसण्याबद्दलच बोलायचं आहे. तेव्हा श्रोत्यांना एक विनंती. घरात एखादा जुना दिवाळी अंक असेल, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी कादंबरी असेल, तर ती हाताशी घ्या. आतलं काही वाचू नका. वरचं नाव तेवढं पाहा. त्यातल्या एकाच अक्षराकडे, समजा 'र'कडे, नीट पाहा. तसाच 'र' आतल्या पानांत कुठे सापडतो का ते शोधा. सापडणार नाही. कारण आतला मजकूर खिळ्यांनी जुळवलेला आहे आणि वरचं नाव कुणीतरी हातानं काढलेलं आहे.

मराठीत 'नाव काढणं' म्हणजे कीर्ती मिळवणं. पोरानं बापाचं नाव काढलं, असं आपण म्हणतो. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांनी अगदी शब्दशः नावं काढली. कादंबऱ्यांची, मासिकांची, नाटकांची. पेन्सिलीनं आधी, मग शाईनं. बहुतेक वेळा त्यांचं स्वतःचं नाव मात्र त्या पुस्तकात कुठेच छापलं गेलं नाही.

हे काम हातानं का होत होतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आपण म्हणतो, तेव्हा कलेची कदर होती. होती, थोडीफार होती. पण खरं कारण जास्त रोकडं आहे. मराठीत मोठ्या आकाराचे खिळेच फारसे नव्हते.

जरा मागे जाऊ. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेस म्हणजे दगडावरची छपाई. हातानं लिहिलेला मजकूर दगडावर उतरवायचा आणि त्यावरून प्रती काढायच्या. म्हणजे मराठीतलं हे सुरुवातीचं छापील काम मुळात हस्ताक्षरच होतं. पुढे शिशाच्या खिळ्यांचा जोर वाढला. जावजी दादाजी हा मुलगा अमेरिकन मिशन प्रेसमध्ये खिळे घासायच्या कामाला लागला होता. त्यानं १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या खिळ्यांचं वळण इतकं देखणं होतं की संस्कृतच्या पंडितांनाही ते आपलं वाटलं. पण ते सगळं वैभव बारीक टायपाचं, वाचायच्या मजकुराचं.

इंग्रजीला सव्वीस अक्षरं मोठ्या लिपीची, सव्वीस छोट्या लिपीची, आणि थोडी विरामचिन्हं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरं धरली की एका आकाराच्या एका वळणाला काही शे निरनिराळे खिळे लागतात. टिळकांपासून सावरकरांपर्यंत अनेकांनी ही संख्या कमी करण्यासाठी डोकं चालवलं, ते उगीच नाही. आता विचार करा. मुखपृष्ठावर चार-पाच अक्षरं छापायची, आणि त्यासाठी बोटभर उंचीच्या टायपाचा अख्खा संच शिशात ओतून घ्यायचा? कोण घेणार? तालुक्याच्या छापखान्यात तर दोन-तीन वळणं असली तरी मालक श्रीमंत समजला जाई. मोठ्या भित्तीपत्रकांना लाकडी खिळे असत, पण त्यांतही वळणाची निवड अशी नव्हतीच. मग संपादकाचा माणूस कागदावर नाव लिहून चित्रकाराकडे जाई. सांगे, एवढं काढून द्या, परवा ब्लॉकला टाकायचंय.

म्हणजे ही कला आपल्याकडच्या टंचाईतून वाढली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. भाकरी-ठेचाही टंचाईतूनच आला असणार.

इथे थोडं घरचं सांगतो. आमच्या घरात दोन लिप्या नांदत होत्या. बोलणं दखनीत, शाळा मराठी, आणि आजोबांचा वाचायचा पेपर उर्दू. मुंबईहून 'इन्किलाब' यायचा, तोही एक-दोन दिवस शिळा. १९३८ साली निघालेला हा पेपर माझ्या लहानपणी अथपासून इतीपर्यंत हातानं लिहिलेला असायचा. बातमी, अग्रलेख, सिनेमाची जाहिरात, सगळं कातिबांनी लिहिलेलं. कातिब म्हणजे लेखणीनं मजकूर उतरवणारा कारागीर. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं उर्दूचा छापखानाच तसला असतो. आणि मराठी पेपरात फक्त मथळा काढलेला, खाली सगळी खिळ्यांची फौज.

दोन्ही भाषा एके काळी त्याच दगडावर छापल्या जात. मराठी शिशाकडे गेली, उर्दू दगडावर थांबली. त्याचं कारण लिपीच्या अंगात आहे. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेला दोरीवरच्या कपड्यांसारखी एकेक लटकलेली. वेगळी करता येतात, पुन्हा जोडता येतात. उर्दूची नस्तालीक तशी नाही. तिच्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतरत येतो, आणि शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. हे शिशाला झेपेना. म्हणून उर्दूत कातिबांचा पेशा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. चेन्नईचं 'मुसलमान' हे १९२७ साली निघालेलं दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानं लिहिलं जात होतं. कातिब अक्षर मोजतो ते कलमेच्या टोकानं उठणाऱ्या नुक्त्यांनी. अलिफ किती नुक्त्यांचा उंच, 'बे' किती नुक्त्यांची लांब. कलमेची तिरकी छाट, तिला ते 'कत' म्हणतात, ती बिघडली की अख्खी ओळ बिघडते. आपल्या मोडी लिहिणाऱ्या कारकुनांचा बोरूही त्याच जातीचा. आदिलशाहीतली काही फर्मानं तर फार्सी आणि मराठी अशी दोन्ही भाषांत लिहिलेली आहेत. एकाच कागदावर दोन लेखण्या. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय.

मासिकं निघू लागली तसं या कामाला खरं भरतं आलं. 'मासिक मनोरंजन' १८९५ साली सुरू झालं, आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक निघाला. तिथून आपल्याकडे दिवाळी अंकांची रीत पडली. दिवाळी अंक म्हणजे स्टॉलवर शेजारी-शेजारी टांगलेले अंक, आणि गिऱ्हाइकाची नजर वेधायला हातात काय, तर एक चित्र आणि एक नाव. त्याच मुंबईत १९१६ साली हाजी महंमद अल्लारखिया शिवजी या गृहस्थांनी 'वीसमी सदी' नावाचं गुजराती मासिक काढलं. धुरंधर, रविशंकर रावळ यांच्यासारख्या चित्रकारांना मासिकासाठी पैसे देऊन काम सांगायचं, चांगल्या कागदावर छापायचं, असा त्यांचा बाणा. खिसा रिकामा होईपर्यंत त्यांनी तो चालवला. चार-पाच वर्षांत मासिक बंद पडलं आणि १९२१ मध्ये हाजीही गेले. मराठी वाचकाला हे नाव सहसा ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. आपल्याकडे 'किर्लोस्कर'चे शंकरराव स्वतःच चित्रकलेचं शिक्षण घेतलेले होते, त्यामुळे अंक नजरेला कसा दिसतो याची फिकीर त्या घरात पहिल्यापासून होती. आणि दीनानाथ दलाल! १९१६ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत आला, १९४५ पासून 'दीपावली' काढू लागला, आणि १९७१ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाआधीच गेला. तेवढ्यात त्यांनी काढलेल्या मुखपृष्ठांचा ढीग पाहिला की हा माणूस झोपत कधी होता असं वाटतं. दलालांच्या चित्रांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांच्या अक्षरांवर फार कमी. त्यांचं चित्रातलं वळण आणि अक्षरातलं वळण एकाच मनगटातून येतं. बाईच्या पदराची रेषा खाली येते तशीच नावातली वेलांटी येते.

आता हे काम कसं चाले ते सांगतो, कारण आजच्या मुलांना ते जादूसारखं वाटेल. नाव हवं त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठं काढायचं. आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं. मग ते जाड पांढऱ्या बोर्डावर उतरवायचं. रुळाच्या लेखणीनं सरळ रेघा, बारीक ब्रशनं गोलाया, काळ्या शाईनं भरण. कड चुकली तर पांढऱ्या पोस्टर रंगानं ती घासून सरळ करायची. मग प्रोसेसवाल्याकडे कॅमेऱ्यानं ते लहान करून जस्ताच्या पत्र्यावर उतरवत, तेजाबानं कोरत, आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीला बसवत. हा झाला ब्लॉक. लहान करताना हाताची थरथर नाहीशी होते, म्हणून मोठं काढायचं. पण लहान होताना बारीक फटीही बुजतात. 'क्ष'च्या पोटातली पांढरी जागा किती ठेवायची, हे ज्याला उमगलं तो उस्ताद.

देवनागरीची आणखी एक अडचण आहे, आणि तीच या माणसांची खेळायची जागा होती. आपलं अक्षर तीन मजली. मधे अक्षर, वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार, खाली उकार. 'कमल' लिहायचं तर एकच मजला पुरतो. 'कुंकू' लिहायचं तर तिन्ही मजले लागतात आणि मधलं अक्षर दबून बारीक होतं. खिळ्यांना यावर उपाय नाही. हातानं काढणाऱ्याकडे शंभर उपाय. उकार शेजारच्या अक्षराखाली सरकवायचा, वेलांटी पुढच्या शब्दावर छत्रीसारखी धरायची, शिरोरेषा मधेच तोडायची नाहीतर पार काढूनच टाकायची. शिरोरेषा काढून टाकली की अक्षरं गुजरातीसारखी मोकळी उभी राहतात. पण काही वेळा ती पडतातही. हे ओळखायला नजर लागते.

सुलेखन आणि अक्षरांकन यांत लोक गल्लत करतात. सुलेखनात लेखणी एकदा टेकली की वाक्य पुरं होईपर्यंत परत फिरायचं नाही. अक्षरांकनात नाव बांधलं जातं, गवंडी घर बांधतो तसं. कमल शेडगे हे अशा बांधणाऱ्यांतले मोठे. १९३५ चा जन्म. आयुष्यातली बरीच वर्षं टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात, आणि नाटकांच्या जाहिरातींतून घराघरांत. २०२० मध्ये ते गेले तेव्हा अनेकांना प्रथमच कळलं की लहानपणापासून आपण पेपरच्या नाटकांच्या पानावर एकाच माणसाचा हात पाहत होतो. त्या पानावर रंग नाही, फोटोला जागा नाही. दोन-तीन स्तंभांची काळी-पांढरी चौकट, आणि तिच्यात नाटकाचं नाव. दुसऱ्या आठवड्यापासून लोक ते नाव वाचत नसत, नुसतं ओळखत. शेजाऱ्याच्या चालीवरून शेजारी ओळखावा तसं.

पण याच कामाची एक बाजू मला खटकते. ती म्हणजे अक्षरांना पोशाख चढवण्याची सवय. शिवकालीन नाटक असेल तर अक्षराला तलवारीचं पातं. भुताची कादंबरी असेल तर अक्षरातून रक्त ठिबकतंय. आणि गोष्ट मुसलमानांची असेल तर देवनागरीला नुक्ते लावायचे, वेलांट्या चांदासारख्या लवचिक करायच्या, शब्द उजवीकडून उतरल्यासारखा कलता काढायचा. ही रीत सिनेमाच्या पोस्टरांनी रूढ केली. गंमत अशी की त्याच हिंदी सिनेमात नाव पडद्यावर इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत यायचं. खरं उर्दू शेजारीच असताना देवनागरीला उर्दूचं सोंग कशाला?

माझा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा या सोंगाशी माझी गाठ पडली. प्रकाशकांनी मुखपृष्ठाचं काम एका वयस्क चित्रकारांना सांगितलं, आणि वर सांगितलं, "कवी मुसलमान आहेत, अक्षराला जरा उर्दू वळण द्या." चित्रकार जुन्या वळणाचे. कविता वाचल्याशिवाय हात लावायचे नाहीत. त्यांनी हस्तलिखित वाचलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाले, "शेखसाहेब, यात विहीर आहे, यष्टीस्टँड आहे, तुमच्या अम्मांची चूल आहे. उर्दू कुठं आहे?" मी म्हटलं, "सर, उर्दू मला वाचता येते तेवढीच. कविता मराठीतच सुचते." त्यांनी दोन बोर्ड समोर ठेवले. एक सांगितल्याप्रमाणे काढलेला, नुक्त्यांचा आणि चंद्रकोरींचा. दुसरा जाड, सरळ, थोड्या खरबरीत कडांचा. खेड्यातल्या भिंतीवर गेरूनं लिहावं तसा. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनीही मान डोलावली.

छापून आला तो पहिला. प्रकाशकांचं म्हणणं, त्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणार कसं? काय कळणार, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. पुस्तकावर परीक्षणं आली, त्यांतल्या दोघांनी कवितेतला 'उर्दूचा बाज' वाखाणला. कवितेत तो नव्हता. मुखपृष्ठावर होता. पुस्तक उघडण्याआधीच चार अक्षरांनी वाचकाला सांगून टाकलं होतं की हा कवी कोणत्या मोहल्ल्यातला. लेखक आयुष्यभर आपली भाषा कमावतो आणि एखादी चंद्रकोर त्याला परत पाहुणा करून टाकते. चित्रकारांचं नाव त्या पुस्तकात छापलेलं नाही. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "बरं झालं, हे माझ्या नावावर नको."

पोशाख न चढवता अक्षरातून अर्थ दाखवता येतो, हे ज्यांनी सिद्ध केलं त्यांत दोन माणसं कवीच होती, याचा मला थोडा अभिमान वाटतो. एक र. कृ. जोशी. जे. जे. मध्ये शिकले, उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकवलं. अक्षरालाच कवितेचं शरीर मानणारा हा माणूस. दुसरे अरुण कोलटकर. जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेले कलावंत. १९७६ साली मुंबईत चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' नावानं पुस्तकं काढली, 'जेजुरी' त्यांतलंच, आणि त्यांची मुखपृष्ठं कोलटकरांनी केली. कोलटकरांची अक्षरं कवितेच्या आधी बोलत नाहीत. दारात उभी राहतात आणि तुम्हाला आत जाऊ देतात.

र. कृ. जोशींची गोष्ट इथेच संपत नाही. संगणक आला तेव्हा बरेच अक्षरकार हळहळले. जोशी मात्र त्यात उतरले. विंडोज २००० बरोबर जो 'मंगल' नावाचा देवनागरी फाँट आला, तो त्यांनी घडवलेला. पुढे वर्षानुवर्षं सरकारी परिपत्रकापासून मुलीच्या लग्नाच्या याद्यांपर्यंत आपण सगळे नकळत त्यांच्या हाताच्या वळणात लिहीत होतो. २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या प्रभावळीतले अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून मुक्त लिपी घडवली, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अक्षरांच्या माणसाला पद्म पुरस्कार, ही बातमी वाचून मी तरी पेढे वाटले.

उर्दूत हीच गोष्ट जास्त निष्ठुरपणे घडली. १९८१ साली नूरी नस्तालीक नावाचं वळण यंत्रावर बसलं. त्यासाठी मिर्झा अहमद जमील या खुशनवीसानं हजारो शब्दखंड हातानं लिहून दिले होते. म्हणजे एका कातिबाच्याच हातानं यंत्र शिकलं. १९९४ मध्ये 'इनपेज' आलं आणि पाच-सात वर्षांत वर्तमानपत्रांतल्या कातिबांच्या चटया गुंडाळल्या गेल्या. मराठीत तसं एका झटक्यात झालं नाही, कारण आपल्याकडे मथळाच तेवढा हाताचा राहिला होता. पण तो गेला. नव्वदीत संगणक आले, मोजके फाँट आले, आणि काही वर्षं मराठी मुखपृष्ठं एकाच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसू लागली. ऐतिहासिक कादंबरी, पाककृती आणि वास्तुशास्त्र, तिघांनाही तीच जाड अक्षरं. अलीकडे तरुण मुलं मराठीसाठी खास नवे फाँट घडवताहेत, त्यांतले काही फुकटही मिळतात. ती मुलं जुनी मुखपृष्ठं गोळा करतात, त्यांतल्या वळणांचा अभ्यास करतात. पण गोळा करायला ती मुखपृष्ठं शिल्लक किती आहेत?

मूळ बोर्ड बहुतेक गेलेच. ब्लॉक झाला की चित्रकार बोर्ड परत मागत नसे, आणि छापखाना तो ठेवून घेत नसे. जस्ताचे ब्लॉक ऑफसेट आल्यावर भंगारात किलोनं विकले गेले. उरली छापील मुखपृष्ठं. त्यांचं वाचनालयात काय होतं ते ऐका. पुस्तक खिळखिळं झालं की बांधणीला जातं. बाइंडर मुखपृष्ठ काढून फेकतो, रेक्झिनचा पुठ्ठा चढवतो, आणि पाठीवर रंगानं नंबर घालतो. आतला मजकूर पुढची पन्नास वर्षं टिकतो. नाव काढणाऱ्याचं नाव त्या दिवशी दुसऱ्यांदा पुसलं जातं.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या बाइंडरचाचांना मी काही वर्षांपूर्वी विनवलं, "चाचा, फेकू नका, मला द्या." ते प्रत्येक बांधणीनंतर एका कापडी पिशवीत मुखपृष्ठं घालून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात पिशवीला ओल लागली, तेव्हापासून मी ती जमाखर्चाच्या वह्यांत चिकटवायला घेतली आहेत. दलालांची सही कोपऱ्यात दिसली की काम सोपं होतं. बाकी बहुतेकांवर काहीच नाही. मी खाली पुस्तकाचं नाव लिहितो, साल लिहितो, आणि 'अक्षरं कुणाची' या रकान्यात जागा मोकळी सोडतो. श्रोत्यांपैकी कुणाचे वडील, काका, आजोबा हे काम करत असतील, तर त्यांनी आपल्या घरातली जुनी पुस्तकं उघडून त्यांच्या हाताची अक्षरं ओळखावीत आणि पेन्सिलीनं का होईना, पहिल्या पानावर त्यांचं नाव लिहून ठेवावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)